सत्तर मीटरची बॅच : कोल्हापुरात बायकांना लांबच्या तिरंदाजीत आणताना

२०२४ च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, हे काम करायचं ठरलं. ७० मीटरवर पूर्ण ७२ बाणांची पहिली फेरी झाली २०२५ च्या नोव्हेंबरात. मधले तेरा महिने कशात गेले, पैसे कुठे गेले आणि काय चुकलं, ते क्रमानं लिहून ठेवतोय. आपल्या गावात, शाळेत किंवा तालमीच्या मैदानावर असं काही सुरू करायचं असेल तर निदान आमच्या चुका तरी पुन्हा करू नका.

आमच्या मैदानांवर १८ आणि ३० मीटरच्या लाइनवर मुली भरपूर दिसायच्या. पन्नासच्या पुढे मात्र सगळी मुलंच. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, ‘ताकद पुरत नाही.’ आम्हीही आधी हेच म्हणायचो. आता म्हणत नाही. ताकदीचा नंबर चौथा लागतो. तिच्या आधी धनुष्याचं माप, सरावाची वेळ आणि मैदानावरचं बाथरूम या तीन गोष्टी येतात.

पहिली बैठक दसऱ्यानंतरच्या रविवारी झाली. ‘नेमबाजीची बॅच’ असा निरोप फिरवला होता, ती पहिली चूक. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या गावात नेमबाजी म्हणजे रायफल नाहीतर पिस्तूल. त्यात स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसमधल्या कांस्यपदकाला जेमतेम अडीच महिने झाले होते. आलेल्या निम्म्या पालकांनी रेंज कुठं आहे आणि लायसन्स लागतं का, हेच विचारलं. पुढच्या निरोपात सरळ ‘धनुष्यबाण’ लिहिलं.

३१ जणी आल्या, १६ जणींनी नावं दिली. सगळ्यात लहान पंधरा वर्षांची, सगळ्यात मोठ्या काकू सत्तेचाळीसच्या. ‘या वयात आता काय’ हा प्रश्न येणार हे माहीत होतं. म्हणून सांगितलं की १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्वीनी न्यूऑल यांनी तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. दीपिकाकुमारी मूल झाल्यावर पुन्हा उभी राहून २०२४ ला पॅरिसमध्ये खेळली, हेही सांगितलं. मुलींच्या आयांना पटलं ते साताऱ्याच्या अदिती स्वामीचं उदाहरण. २०२३ ला बर्लिनमध्ये, सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती, आणि सातारा म्हणजे एसटीनं अडीच-तीन तासांवर. शिवाय दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण. हे सांगावंच लागतं, पण एक पुस्ती जोडून. नुसत्या मैदानावर येण्यानं यातलं काही मिळत नाही. ठरावीक स्तरावरच्या स्पर्धेतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते.

त्याच बैठकीत अंतरांचा घोळ मिटवला. रिकर्व्हला, म्हणजे ऑलिंपिकमध्ये दिसतं त्या धनुष्याला, मोठ्या गटात ७० मीटर. बायका आणि पुरुष दोघांनाही तेवढंच, नेमाचा कागद १२२ सेंटिमीटरचा. कंपाउंडला, म्हणजे चाकांच्या धनुष्याला, ५० मीटर आणि ८० सेंटिमीटरचा कागद. आमची बॅच रिकर्व्हची, त्यामुळे मुक्काम सत्तरचा. १२२ च्या कागदावर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं. सत्तर मीटरवरून ते किती दिसतं हे कळायला एकदा उभं राहून बघावं. जेवणाच्या ताटातली वाटी, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ठेवलेली.

मैदान मिळवण्यात पहिले दोन महिने गेले. पाचगावकडच्या माळावर एका संस्थेची मोकळी जागा होती. अर्ज १४ ऑक्टोबरला दिला आणि १५ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. संस्थेच्या कार्यालयानं ‘निवडणूक झाल्यावर बघू’ म्हणून अर्ज बाजूला ठेवला. खरं तर खाजगी जागेच्या वापराचा आचारसंहितेशी काय संबंध, पण तिथं वाद घालण्यात अर्थ नव्हता. निकाल लागला २३ नोव्हेंबरला. परवानगीचं पत्र हातात पडलं १० डिसेंबरला. एवढ्यात पाच चकरा झाल्या. पहिल्या दोन फुकट, कारण अर्जाची पोच घेतली नव्हती आणि अर्ज कुठल्या टेबलावर आहे हे कुणालाच सांगता येईना. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

अर्जाला लागलेली कागदपत्रं अशी : मैदानाचा हातानं काढलेला पण मापं घातलेला नकाशा, सुरक्षेच्या नियमांचं एक पान, प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्राची प्रत, अठराखालच्या मुलींच्या पालकांची संमती, सगळ्यांचा अपघात विमा आणि करारनामा. करारनाम्यासाठी आम्ही घरात पडून असलेला शंभराचा स्टॅम्प नेला. तो चालला नाही, कारण ऑक्टोबरातच राज्यात शंभर-दोनशेऐवजी किमान पाचशेचा मुद्रांक लागू झाला होता. अनामत १०,००० रुपये, भाडं महिन्याला २,५०० आणि मुदत अकरा महिने. नकाशा जितका नीट, तितके प्रश्न कमी. आमच्या नकाशात बाण कुठे जाणार हे होतं, चुकलेला बाण कुठे जाणार हे नव्हतं. तेवढ्यासाठी तो एकदा परत आला.

चुकलेल्या बाणाचा हिशेब इथंच सांगतो, कारण लांबच्या अंतराची सगळी गंमत आणि भीती त्यातच आहे. नवख्या बाईच्या हलक्या धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण ४५ मीटर वेगानं सुटतो. सत्तर मीटर गाठायला तो सुमारे दहा अंशांनी वर रोखावा लागतो आणि वाटेत नेमाच्या रेषेच्या तीन मीटर वरून जातो. हवेचा अडथळा धरला तर त्याहून थोडं जास्तच. म्हणजे मधे झाडाची फांदी, विजेची तार, कपड्यांची दोरी काही चालत नाही. तीस मीटरला नडत नाही ती फांदी सत्तरला बाण खाते. आम्ही टार्गेटच्या मागे चाळीस मीटर मोकळे ठेवले आणि त्यामागे मुरमाचा तीन मीटर उंच बांध घातला. जेसीबी आणि मुरूम मिळून १४,५०० रुपये. बाण मारायची दिशा उत्तर, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सूर्य डोळ्यावर येत नाही. अंतर टेपनंच मोजा, पावलांनी नको. स्पर्धेत सत्तर मीटरला तीस सेंटिमीटरची सूट असते. आमची पावलं दीड मीटर चुकली होती.

बाण ज्यात रुततो त्या बटसाठी दोन प्रयोग केले. फोमचे दोन बट बाहेरून मागवले, २१,००० ला एक. बाकी दोन आपल्याकडच्या मालाचे. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून आधी ते भरलं. आठवड्यात त्याचा भुगा झाला आणि बाण आरपार जाऊन पिसं सोलली. मग भाताचं पिंजर घेतलं. खाली-वर सागवानी फळ्या, चार थ्रेड रॉड, नट आवळून घट्ट दाबलं. लोखंडी स्टँड आणि रॉड उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, करून घेतले, एका बटला ४,५०० पडले. पिंजर बसत जातं, म्हणून दर सोमवारी नट पाव फेरा आवळायचे. आवळायचं राहिलं की मधला भाग पोकळ होतो. बट दहा-बारा अंश मागं कलता ठेवायचा आणि कागदाचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर.

आता धनुष्याकडे येतो. पैसे आणि माणसं दोन्ही इथंच वाया जातात.

बायकांच्या हातात बहुतेक वेळा मुलांनी वापरून सोडलेलं धनुष्य येतं. ६८ किंवा ७० इंची, लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांवर, ३४ नाहीतर ३६ पाउंड लिहिलेलं. ते ओढता ओढता खांदा कानाला लागतो आणि महिन्याभरात बाई घरी. आम्ही उलट बाजूनं सुरुवात केली, आधी बाईचं माप. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर इंचात घ्यायचं आणि अडीचनं भागायचं. पाच फूट दोन इंचाच्या बाईला ते पावणेपंचवीसच्या आसपास येतं. ही तिची ड्रॉ, म्हणजे धनुष्याची दोरी (स्ट्रिंग) किती लांब ओढली जाणार ते. लिम्बवर लिहिलेलं पाउंडेज, म्हणजे ओढायला लागणारा जोर, अठ्ठावीस इंचाच्या ड्रॉचं असतं, आणि एक इंच कमी झाला की अंदाजे दोन पाउंड कमी होतात. म्हणजे ‘२८ पाउंड’ लिहिलेल्या लिम्बचे तिच्या हातात बावीसच येतात. हा हिशेब कुणी केला नाही, तर मुलाइतकंच पाउंडेज असूनही तिचा बाण पोचत का नाही, हे कुणालाच कळत नाही. मग पुन्हा तेच, ‘ताकद पुरत नाही’.

हातातलं खरं पाउंडेज मोजायला बॅगा तोलायचा डिजिटल काटा पुरतो, तीनशे-चारशे रुपयांत मिळतो. त्याचा हूक स्ट्रिंगमध्ये अडकवायचा, तिच्या अँकरपर्यंत, म्हणजे ओढणारा हात चेहऱ्याला टेकतो तिथपर्यंत, ओढायचं आणि आकडा वहीत लिहायचा.

छोट्या ड्रॉला छोटं धनुष्य लागतं. पंचवीसच्या आसपास ड्रॉ असेल तर ६४ किंवा ६६ इंची, सत्तावीसच्या पुढे गेली तर ६८. लांब धनुष्य अर्धवटच ओढलं गेलं तर लिम्ब पुरते वाकत नाहीत आणि बाण मेल्यासारखा निघतो. आम्ही सुट्या भागांची सहा लाकडी धनुष्यं घेतली, ६६ इंची, प्रत्येकी १३,००० च्या आसपास. सोबत १८, २० आणि २४ पाउंडांचे जादा लिम्ब. त्याच रायझरवर, म्हणजे मधल्या मुठीच्या भागावर, लिम्ब बदलता येतात, म्हणून हे पैसे वाया जात नाहीत. डावखुरं धनुष्य एकच घेतलं, ती चूक. धनुष्याचा हात डोळ्यावरून ठरवायचा असतो. दोन्ही हात पुढे करून अंगठ्यांमधून छोटी फट करायची, लांबचा खांब बघायचा आणि हात चेहऱ्याकडे आणायचे. फट ज्या डोळ्यावर येते तो मुख्य डोळा. सोळापैकी पाच जणींचा डावा निघाला, त्यातल्या चौघी उजव्या हाताच्या. दोघी डाव्या धनुष्यावर गेल्या. बाकीच्यांच्या डाव्या डोळ्यासमोर टोपीला पुठ्ठा लावला.

टॅब, म्हणजे स्ट्रिंग ओढणाऱ्या बोटांवरचं चामडं, लहान मापाचा घ्या. मोठा टॅब बोटांत फिरतो आणि स्ट्रिंग वाकडी सुटते. चेस्टगार्डला तर पर्यायच नाही. स्ट्रिंग छातीला किंवा कपड्याला घासली की बाण बाजूला जातो आणि लागतं ते वेगळंच. बाजारात तो हजार-दीड हजाराला मिळतो. आमच्या बॅचमधल्याच एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी जाळीच्या कापडाचे शिवून दिले, १८० रुपयांत. शिवण कडेला घ्यायची, स्ट्रिंगच्या वाटेत अजिबात नको. ओढणी, बांगड्या, लोंबते कानातले लाइनवर चालत नाहीत. मंगळसूत्र काढायला सांगितलं तर अर्धी बॅच दुसऱ्या दिवशी येणार नाही. ते टी-शर्टच्या आत आणि वरून चेस्टगार्ड, एवढं पुरतं. केस मागे घट्ट बांधलेले.

१५ डिसेंबरला चौदा जणींनी पहिला बाण सोडला, पाच मीटरवरून, कोऱ्या बटवर, कागद न लावता. तीन आठवडे एवढंच. यात फार कंटाळा येतो आणि आमच्यातही यावरून वाद झाले. तरी पुढच्या वेळीही तीनच आठवडे देऊ. पाच मीटरला एक सेंटिमीटरची चूक सत्तरला चौदा सेंटिमीटर होते.

पहिल्याच आठवड्यात सात जणींच्या कोपराच्या आतल्या बाजूला काळंनिळं झालं. बऱ्याच बायकांचं कोपर सरळ केल्यावर जरा उलटंच वाकतं आणि स्ट्रिंग नेमकी तिथं बसते. जाड आर्मगार्ड हा त्यावरचा इलाज नाही. भिंतीला तळवा टेकायचा, तळवा न हलवता फक्त कोपर फिरवायचं, खळगा वर बघत होता तो आत बघायला हवा. तेच धनुष्य धरून करायचं. घरी स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून दिवसात वीस वेळा, असं सांगितलं. दहा दिवसांत डाग बंद झाले. या दहा दिवसांत एका मुलीच्या आजीनं ‘हे असलं खेळणं नको’ म्हणून तिला घरी बसवलं. कोपराचं पहिल्याच दिवशी शिकवलं असतं तर ती राहिली असती.

शिट्टीचे नियम लहान मुलांसारखे पाठ करून घेतले. दोन शिट्ट्या, लाइनवर या. एक, मारा. तीन, बाण आणायला चला. पाच किंवा जास्त, आहात तिथं थांबा, न मारता धनुष्य ढिलं करून बाण उतरवा. कार्बनचा बाण कशावर आपटला की दोन्ही टोकं धरून कानाजवळ हलकासा वाकवायचा. कर्र आवाज आला तर मोडून फेकायचा. चिरलेला बाण सुटताना फुटला तर तुकडे धनुष्याच्या हातात शिरतात.

जानेवारीत, संक्रांतीनंतर १८ मीटर. फेब्रुवारीत ३०. पुढच्या अंतरावर जायची अट एकच : छत्तीस बाणांत एकही कागदाबाहेर नाही, असं सलग तीन दिवस. गुण मोजायचे नाहीत.

इथंच गळती लागली. सरावाची वेळ संध्याकाळी पाच ते सात होती, पुरुष प्रशिक्षकांच्या सोयीची. नोकरीवाल्या सहा वाजता धापा टाकत यायच्या, घर सांभाळणाऱ्या साडेसहाला निघायच्या. चौदाच्या अकरा झाल्या. मार्चमध्ये वेळ बदलली. सकाळी साडेसहा ते आठ आणि दुपारी साडेतीन ते पाच, यातली कुठलीही, आठवड्यात चार वेळा. दुसरी गोष्ट बाथरूम. संस्थेच्या इमारतीतलं होतं, पण किल्ली शिपाईमामांकडे आणि ते येणार दहाला. सकाळी येणाऱ्या बायका पाणीच प्यायच्या नाहीत. उन्हात पाणी न पिता साठ बाण मारले की हात थरथरतो. आम्ही महिनाभर त्या थरथरीवर व्यायाम सुचवत बसलो होतो. दुसरी किल्ली मिळायला लेखी अर्ज, एक महिला सदस्य जबाबदार म्हणून आणि सतरा दिवस लागले.

एप्रिलमध्ये सहा जणी पन्नास मीटरवर पोचल्या आणि अडकल्या. साईट संपली.

साईट म्हणजे रायझरला लावलेली उभी पट्टी आणि तिच्यावर वर-खाली सरकणारी पिन. पिन खाली नेली की तोच नेम धरायला धनुष्य वर उचलावं लागतं. म्हणजे जितकं लांब, तितकी पिन खाली. हलक्या धनुष्याला पन्नास-साठला पिन पट्टीच्या तळाला येते आणि बाण सुटताना पिसं तिला घासतात. तेवढ्यानं बाण दीड मीटर बाजूला जातो. बाईला वाटतं आपलं चुकलं. बहुतेक जणी लांबचं अंतर सोडतात ते इथं, आणि प्रशिक्षक पटकन चार पाउंड वाढवून मोकळा होतो, ते तर सगळ्यात वाईट.

आम्ही क्रम असा लावला. आधी अँकर. हात गालावर असेल तर हनुवटीखाली घट्ट आणायचा, म्हणजे बाणाचं मागचं टोक डोळ्यापासून खाली जातं आणि पिन वर चढते. यात एकदम बरंच अंतर मिळतं. मग साईटचा पुढे आलेला दांडा रायझरकडे मागं घ्यायचा. पिन डोळ्याजवळ आली की त्याच कोनाला कमी मिलिमीटर लागतात. दांडे कापून नवीन भोकं उद्यमनगरात एका लेथवाल्यानं पाडून दिली, आणि चहाही पाजला. तिसरं म्हणजे बाण. सुरुवातीचे बाण मुद्दाम लांब ठेवलेले असतात, कारण आखूड बाण ओढताना रेस्टच्या, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराच्या, मागे आला तर हातात घुसू शकतो. ड्रॉ पक्की झाल्यावर ते मापानं कापायचे, मोठी पिसं काढून पावणेदोन इंची लावायची. काही ग्रॅम वाचतात आणि वेग वाढतो. कापल्यावर बाण कडक होतो, हे लक्षात ठेवून मुळात मऊ स्पाइनचाच (स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा), म्हणजे मोठ्या आकड्याचा घ्यायचा. एक हजार किंवा त्यापुढचा. मग ब्रेस हाइट. ६६ इंची धनुष्याला स्ट्रिंग ते ग्रिप सव्वाआठ ते पावणेनऊ इंच. दोघींची साडेसात निघाली, स्ट्रिंगला पीळ कमी पडला होता.

हे सगळं झाल्यावर शेवटी पाउंडेज. सहा-आठ आठवड्यांत दोनच पाउंड. तेही पूर्ण ओढून वीस सेकंद धरणं आणि मिनिटभर विश्रांती, असं आठ वेळा न थरथरता जमलं तर. हातात २८ ते ३० पाउंड, हलके बाण आणि हनुवटीखालचा अँकर, एवढ्यावर सत्तर मीटरला साईट पट्टीवर राहते. एका वहिनींनी घाई करून नात्यातल्या मुलाचं ३८ पाउंडी धनुष्य आठवडाभर ओढलं. खांदा धरला, सहा आठवडे बंद.

मे महिन्याचं नियोजन पावसानं उधळलं. २०२५ ला मान्सून २५ मेलाच राज्यात शिरला. आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा सराव धरून बसलो होतो. पिंजराचे दोन्ही बट चार दिवसांत कुजले, ताडपत्री वरून होती पण ओल खालून चढली. फोमचे आत नेले. पुढचे चार महिने एका हॉलमध्ये १८ मीटर. हॉलचे तासाला ३०० रुपये. पावसाळा वाया जातो असं समजू नका, ताकद याच काळात वाढते. रोज रबरी पट्टीवर तीस ओढी, धरून ठेवण्याचा व्यायाम आणि साठ बाण. स्ट्रिंगला आठवड्यातून एकदा मेण. चामड्याच्या टॅबवर बुरशी येते, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा.

याच रिकाम्या काळात नोंदणीची कागदपत्रं काढली आणि भलत्याच ठिकाणी अडलो. जिल्हा संघटनेमार्फत नोंदणी करायला जन्मदाखला, आधार आणि फोटो लागतात. लग्न झालेल्या सहा जणींपैकी पाच जणींचा जन्मदाखला माहेरच्या नावानं, आधार सासरच्या. एकीचा जन्मदाखला तर नुसता ‘मुलगी’ एवढ्या नोंदीचा. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र दोघींकडेच होतं. बाकीच्यांना ते काढायला तीन ते सात आठवडे लागले, साक्षीदार गोळा करण्यात जास्त वेळ गेला. ‘मुलगी’ असलेल्या दाखल्यात नाव चढवायला शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र. पुरुषांच्या बॅचला हा प्रश्न कधी आलाच नव्हता, म्हणून कुणाच्या यादीतही नव्हता. नाव देतानाच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

ऑक्टोबरात दसऱ्यानंतर पुन्हा माळावर. गवत गुडघ्याएवढं. पहिल्या आठवड्यात अकरा बाण हरवले, सगळे बटच्या थोडे अलीकडे पडून गवताखाली घुसलेले. दाताळं आडवं फिरवायचं, बाणाच्या दिशेनं नाही. कार्बनच्या बाणाला टोक लोखंडाचं असतं, म्हणून मेटल डिटेक्टरवर तो सापडतो. आम्ही एका प्लंबरचा डिटेक्टर रविवारी मागून आणला आणि नऊ मिळाले. एक बाण ६०० ला पडतो, म्हणजे डिटेक्टर घेतला तरी परवडेल.

माळावर पश्चिमेचा वारा आडवा येतो. साठ मीटरला बाण दीड सेकंदाच्या आसपास हवेत असतो आणि हलका बाण वाऱ्यात जास्त ढकलला जातो. प्रत्येक बटवर पिवळ्या कापडाचं निशाण लावलं. वाऱ्यासाठी साईट दर बाणाला फिरवायची नाही. झुळूक येते-जाते, तुम्ही तिच्यामागे धावत राहता. निशाण नेहमीइतकं उडालं की मारायचं, जास्त उडालं तर उतरवून परत श्वास घ्यायचा. बाण उतरवणं हे बायकांना मुलांपेक्षा लवकर जमलं. मुलांना ओढलेलं धनुष्य न मारता परत ढिलं करणं हार वाटते, असा आमचा अंदाज.

दिवाळीनंतर साठवरून सत्तर. हे दहा मीटर वाटतात तेवढे कठीण नव्हते, कारण साईट पट्टीवर होती. नऊ जणी राहिल्या होत्या, त्यातल्या पाच जणी सत्तरला, तिघी पन्नासला आणि सत्तेचाळीसच्या काकू आता अठ्ठेचाळीसच्या होऊन साठला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी पाच जणींनी पूर्ण फेरी मारली. सहा-सहा बाण बारा वेळा, म्हणजे ७२ बाण, मधे वीस मिनिटं थांबून. ७२० पैकी सगळ्यात जास्त ३९४, सगळ्यात कमी २३१. कमी गुणवालीचे बावीस बाण कागदाबाहेर गेले, त्यातले बरेचसे शेवटच्या तासातले. तिच्या धनुष्याला ऊन लागत होतं, तापलेले लिम्ब ढिले पडतात आणि बाण खाली पडायला लागतात. धनुष्य थांबलेल्या वेळात सावलीत ठेवायचं आणि दुपारचे साईटचे आकडे वहीत वेगळे लिहायचे, हे सांगायचं राहिलं होतं.

तेरा महिन्यांचा जमाखर्च सगळ्यांसमोर मांडला. सामान, बट आणि बांध मिळून पावणेदोन लाखांच्या वर, त्यातले निम्मे देणगीतून. फी महिन्याला ८०० आहे, तीत भाडं आणि कागद निघतात, बाण निघत नाहीत.

मैदानाची मुदत नोव्हेंबरातच संपली. नूतनीकरणाचा अर्ज ११ तारखेला दिला आहे, पाचशेच्या मुद्रांकासह, आणि बाथरूमची किल्ली या वेळी करारातच घालून मागितली आहे. पोच घेतली आहे. नवीन बॅचसाठी वीस नावं आली आहेत, त्यांना पहिल्या दिवशी टेप, जन्मदाखला आणि लग्न झालं असेल तर विवाह प्रमाणपत्र घेऊन यायला सांगितलं आहे.